खालाचा पाण्यातला सायलेन्सर

खालाच्या गॅरेजसमोर हॉर्न वाजवला की त्या गाडीला हवा मिळायची नाही. पांढरकवड्याच्या जुन्या हायवेवर पंक्चरची आणि सायलेन्सरची कामं करणारं ते गॅरेज, समोरून नागपूर-हैदराबादचे ट्रक अखंड चाललेले. अशा जागी बसून हॉर्नशी वैर धरायचं म्हणजे पिठाच्या गिरणीत बसून पिठाचा राग करण्यासारखं आहे. पण खालाने ते वैर धरलं होतं आणि ती ते मनापासून निभावत होती.

"खाली उतर, चालत ये, काय पायजे ते तोंडानं सांग," ती ड्रायव्हरला म्हणायची. "मी काय म्हैस हाय का रस्त्यातली, पोंपों करून बाजूले साराले?"

एकदा कुठल्याशा पुढाऱ्याच्या ताफ्यातली गाडी पंक्चर झाली. ड्रायव्हरने गॅरेजसमोर येऊन हॉर्नवर जो हात ठेवला तो काढेचना. खालाने कॉम्प्रेसर बंद केला, सूप ओढलं आणि तुरीची डाळ निवडत बसली. मग एक माणूस उतरून धमक्या देऊ लागला. खाला डाळीतले खडे वेचत राहिली. शेवटी कडक इस्त्रीतले साहेब स्वतः उतरले आणि म्हणाले, "खाला, तेवढं चाक बघता का?" खालाने सूप बाजूला ठेवलं. "हां, हे माणसासारखं बोलले," म्हणाली आणि पान्हा उचलला.

मी तेव्हा तिथल्या एका शाळेत पीटी शिकवायचो आणि गॅरेजच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायचो. खाला साठी ओलांडलेली. नवऱ्याच्या बाजूला बसून ती सायलेन्सरचं काम शिकली होती. तो गेला, तिची इद्दत, म्हणजे विधवेने घरात काढायचे चार महिने दहा दिवस, संपली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लोकांनी पाहिलं तर गॅरेजचं शटर वर. ज्यांना बोलायचं होतं ते बोलले. ते बोलत असताना ती एका टिप्परचा फुटका सायलेन्सर वेल्डिंग करत होती, त्यामुळे तिला काही ऐकू आलं नाही, असं ती सांगायची.

भाडेकरूंसाठी नियम होते. दार आपटायचं नाही. मोबाइल मुका ठेवायचा. कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही. शिट्टी होणार असं वाटलं की मी पळत जाऊन गॅस बंद करायचो, त्यामुळे त्या खोलीत मी कायम अर्धकच्चा भात खाल्ला. आणि हे नियम घालणारी बाई स्वतः बोलायची ती बस स्टँडपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. माझ्या कानाशी येऊन "कोनाले सांगू नको" असं ती कुजबुजली की समोरचा चहावाला मान हलवून "नाही सांगत, खाला," म्हणायचा.

कारण खालाचे कान जात चालले होते. यवतमाळच्या डॉक्टरने तपासून सांगितलं होतं की पडदा शाबूत आहे, पण कानातली बारीक हाडं आखडली आहेत. खालाच्या भाषेत, ग्रीस संपलं. कानात घालायचं मशीन तिने आठवडाभर वापरलं आणि पान्ह्यांच्या ड्रॉवरमध्ये टाकून दिलं. "त्याच्यात मले ट्रकच ट्रक ऐकू येते," म्हणाली. "ते तं फुकटात ऐकू येत होते."

तरी तिचं निदान चुकत नसे. एक लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर होता, त्याचं टोक ती चालू इंजिनवर टेकवायची आणि मूठ दातात धरायची. डोळे मिटून थोडा वेळ उभी राहायची. मग पेचकस तोंडातून काढून सांगायची, कुठे काय बिघडलंय ते. नवे ड्रायव्हर हसायचे. हसणाऱ्याला ती पेचकस पुसून द्यायची आणि म्हणायची, "धर दातात. हसू नको, दात पडतीन."

आता माझ्याबद्दल थोडं. मी पोहणारा माणूस. तालुक्यात कोणी धरणात, नदीत बुडालं की शोधायला जे चार-पाच जण बोलावले जात त्यात मी होतो. त्यासाठी मी कोकणातल्या एका डायव्हरकडून जुना सेट विकत आणला होता. पाठीवर हवेचं नळकांडं, आणि तोंडात धरायचा रेग्युलेटर, म्हणजे आपण श्वास घेतला की हवा देणारं आणि सोडला की ती बाहेर फेकणारं यंत्र. खाला मला तेव्हापासून पाणकोंबडा म्हणू लागली.

एकदा त्याचा एक वॉशर गेला, म्हणून मी रेग्युलेटर तिच्याकडे ठेवून शाळेत गेलो. संध्याकाळी आलो तर खाला खूश.

"वॉशरचं कायले रडत होता? मोठं लीकेज तं अलगच होतं," ती म्हणाली. "खालच्या बाजूनं भसभस बुडबुडे. बंद केले."

मला आधी कळेचना. गॅरेजमध्ये पाण्याची एक लोखंडी टाकी होती. ट्यूब त्यात बुडवायची, जिथून बुडबुडे येतील तिथे पंक्चर. खालाचं सगळं आयुष्य त्या टाकीशी गेलेलं. पाण्यात बुडबुडा दिसला म्हणजे भोक, आणि भोक म्हणजे बुजवायचं, हे तिला शिकवावं लागलं नव्हतं. तिने रेग्युलेटर टाकीत धरला, कॉम्प्रेसरची हवा सोडली, बुडबुडे पाहिले, आणि सोडलेला श्वास जिथून बाहेर पडतो ती दोन्ही तोंडं घासून, सोल्यूशन लावून, पंक्चरचे दोन पॅच चिकटवून पक्की बंद करून टाकली. मी तो तोंडात धरून श्वास घेतला. आत आला. सोडायला गेलो तर गाल फुगले, डोळे बाहेर आले.

"खाला, श्वास सोडायचा कुठून?" मी तो तोंडातून काढून ओरडलो.

"म्हंजे हे लीकेज नाही?"

"तो धुराडा आहे माझा!"

मग तिला असं हसू फुटलं की टाकीच्या काठावर बसून ओढणीने डोळे पुसू लागली. "अल्ला, सायलेन्सरवाल्या बाईनं एक्झॉस्टच बुजवला," असं ती येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला पुढे कित्येक दिवस सांगत होती. स्वतःची फजिती लपवणाऱ्यांतली ती नव्हती.

पॅच काढले, वॉशर बसवला. मग खात्री करायला म्हणून मी टाकीत तोंड बुडवून श्वास घेऊन दाखवला, आणि खालाने सवयीने पेचकस टाकीच्या पत्र्याला लावून मूठ दातात धरली. मी डोकं वर काढलं तेव्हा तिचं हसू गेलेलं होतं.

"काय हे? असा गडगडाट घेऊन जातं तू पाण्यात?"

मी म्हटलं, सगळेच जातात. सोडलेला श्वास तोंडाजवळून मोठमोठ्या बुडबुड्यांनी फुटतो, डोळ्यांवरच्या काचेवर आदळतो, कानाशी खळखळतो. धरणाच्या गढूळ पाण्यात हाताला हात दिसत नाही, तिथे कानांचा उपयोग झाला असता. पण वर होडी आली तरी आपल्याच बुडबुड्यांत तिचं इंजिन ऐकू येत नाही.

"ट्रकले सायलेन्सर हाय. मोटारसायकलले हाय. जनरेटरले हाय," खाला म्हणाली. "अन् माणूस तेवढा बोंबलत जाते! काहून? कोनं ठरवलं?"

"कंपन्यांना जमलं नसेल, खाला."

"कंपनी पांढरकवड्याले येऊन मले विचारून गेलती काय?"

झालं. त्या दिवसापासून माझी सुटका नव्हती. शाळा सुटली की मी टाकीत तोंड घालून श्वास सोडायचा आणि खालाने पत्र्याला दात लावून ऐकायचं. हायवेवरचे लोक थांबून बघायचे. कोणी विचारलंच तर ती सांगायची, "पाणकोंबड्याचा सायलेन्सर बनवून राह्यली." बघणारे एकमेकांकडे पाहून डोक्याशी बोट फिरवायचे. खालाला ते दिसायचं. तीही तसंच बोट फिरवून त्यांना दाखवायची.

सगळ्यात आधी तिने ट्रकसारखाच पत्र्याचा छोटा डबा केला, आत जाळ्या. तो पाण्यात खुळखुळा झाला. मग कूलरचं गवत भरलं; ते सुटून सुटून पाण्यावर तरंगू लागलं आणि टाकीला गव्हाणीची कळा आली. मग तिने भोकं इतकी बारीक केली की आवाज जवळजवळ गेला, पण श्वास सोडताना माझी छाती भरून आली आणि डोकं ठणकू लागलं. हे तिला सांगायलाच लागलं नाही. माझा चेहरा बघूनच तिने तो प्रकार फेकून दिला. "सायलेन्सर चोक झाला तं इंजिन मरते. तुले मारून शांतता नाही पायजे मले."

शेवटी जे जमलं ते दिसायला अगदीच बावळट होतं. रेग्युलेटरच्या दोन्ही तोंडांना मऊ रुंद नळ्या, त्या मानेमागे नेलेल्या. तिथे ट्रकच्या जुन्या ट्यूबची एक चपटी, लांब पिशवी, तिला गोधडीच्या सुईने पाडलेली असंख्य भोकं, आणि वरून फोम. पिशवी आधी कमरेवर होती तेव्हा श्वास ढकलावा लागायचा. तिने ती उचलून खांद्यांवर, तोंडाच्या पातळीला आणली आणि श्वास सहज जाऊ लागला. एका मोठ्या बुडबुड्याचे शेकडो बारीक बुडबुडे झाले. आवाज पुरता गेला नाही, खोटं कशाला सांगू. पण गडगडाटाची सरसर झाली, आणि दोन श्वासांच्या मध्ये तर काहीच नाही.

याच सुमारास खालाच्या दिराने शटरचा विषय काढला. हा तिच्या नवऱ्याचा धाकटा भाऊ. गावात त्याचं स्पेअर पार्टचं दुकान होतं आणि एक जुनी डिझेल पिकअप होती. खाला त्याला छोटे म्हणायची. तो वाईट माणूस नव्हता. झालं असं होतं, की खाला एका चाकाशी वाकलेली असताना मागून एक ट्रक रिव्हर्समध्ये आला. क्लीनर ओरडला, ड्रायव्हरने हॉर्न मारला, खालाला काही कळलं नाही. चहावाल्याने धावत येऊन तिला दंडाला धरून ओढलं म्हणून वाचली. ते ऐकून दीर घाबरला, आणि घाबरलेली माणसं जसं बोलतात तसं चारचौघांत बोलला.

"भाभी, बस करा आता. कान गेले तुमचे. आवाजाचं काम अन् तुमाले आवाजच येत नाही. लोक हसून राह्यले. ईद झाली का शटर खाली. मी टायरचं दुकान टाकतो तिथं."

"मी मेली का शटर खाली कर," खाला म्हणाली. "त्याच्या पयले हात लावला तं बोटं वेल्डिंग करीन शटरले."

पण त्या संध्याकाळी तिने रेग्युलेटर हातात घेतला नाही. पेचकस मांडीवर ठेवून बसून राहिली. ते गॅरेज गेलं असतं तर खाला कुठे गेली असती? कोणाच्या तरी घरात, कोपऱ्यात, टीव्हीसमोर, ऐकू न येणाऱ्या मालिका बघत. मला दिराचा राग आला, आणि त्याचं अगदीच चुकत नव्हतं म्हणून जास्त राग आला.

तिची समजूत काढायला म्हणून मी सायलेन्सरबद्दल बोलू लागलो. नुकताच मी तो लावून विहिरीत उतरलो होतो. म्हटलं, खाला, कमाल झाली, आत मला शेजारच्या वावरातला मोटरपंप ऐकू आला.

"पाण्यात कान कसा ऐकते?" तिने विचारलं.

"कानाने कमीच. पाण्यात आवाज कवटीच्या हाडातून जातो."

खाला माझ्याकडे बघू लागली. मग मांडीवरचा पेचकस उचलून तिने त्याच्या मुठीवरचे दातांचे वळ अंगठ्याने चाचपले.

"मले उतरव," ती म्हणाली.

मी नको म्हणून पाहिलं. कोणी खालाला नको म्हणून पाहिलं असेल तर त्याला माझी गत कळेल. विहीर दिराचीच होती, हायवेला लागून असलेल्या त्याच्या वावरात. दगडी बांधकाम, पायऱ्या, आणि दीड पुरुष पाणी. आधी पायऱ्यांवर बसून तोंडाने श्वास घ्यायचा सराव केला. तिला बुडायला वजन हवं होतं, म्हणून चाकांच्या बॅलन्सिंगचे शिशाचे तुकडे तिने एका पट्ट्यात शिवून घेतले. पहिल्यांदा मी तिला साध्या रेग्युलेटरने उतरवलं. लगेच वर आली. "स्वतःचीच बडबड!" एवढं म्हणाली आणि स्वतःवरच चिडल्यासारखी बसली.

दुसऱ्या वेळी सायलेन्सर लावला. तोवर बातमी पसरली होती. काठावर चहावाला, दोन-चार ड्रायव्हर, आजूबाजूची माणसं जमली होती. आणि खाला गळ्यापर्यंत पाण्यात असताना दिराची पिकअप धुरळा उडवत विहिरीच्या काठाशी येऊन थांबली. तो इंजिन चालू ठेवूनच उतरला. त्याच्या गाडीचा स्टार्टर मेलेला होता, एकदा बंद केली की ढकलल्याशिवाय सुरू होत नसे. खालाच्या हातून दुरुस्त करून घेणं त्याने केव्हाच सोडलं होतं.

"भाभी, बाहेर या! या उमरमध्ये हे काय बह्याडपन! इज्जत गेली आपली सारी!"

खालाने रेग्युलेटर तोंडातून काढला. "काय म्हनून राह्यला हा?" तिने मला विचारलं.

"बाहेर या म्हणतोय."

"त्याले सांग, मले ऐकू येत नाही." तिने रेग्युलेटर दातात धरला आणि पाण्याखाली गेली.

मी श्वास रोखून, तिचा हात धरून शेजारी होतो. सलवार-कमीज पाण्यात फुललेली, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली, खांद्यांवरून बारीक बुडबुड्यांचा पांढरा पडदा वर चाललेला. तळाशी गेल्यावर तिने आधी नुसतं इकडेतिकडे पाहिलं. मग डोळे मिटले आणि विहिरीच्या दगडी भिंतीला कपाळ टेकवलं, इंजिनला पेचकस टेकवावा तसं. मला नुसती एक बारीक धडधड जाणवत होती. वर गाडी चालू आहे इतकंच मला कळत होतं. खालाने माझं मनगट पकडलं आणि त्यावर बोट आपटू लागली. टक, टक, टक, आणि एक जागा रिकामी. टक, टक, टक, पुन्हा रिकामी. तिच्या बोटाने दाखवलं तेव्हा कुठे मलाही ती रिकामी जागा ऐकू आली. खालाने डोळे उघडले. काचेआडून ती माझ्याकडे बघत होती, आणि मी सांगतो, तसा आनंद मी कुठल्याही जिंकलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर पाहिलेला नाही.

वर येताच तिने रेग्युलेटर थुंकला. "छोटे! तुह्या गाडीचा एक सिलिंडर मेला!"

दीर म्हणाला, "परवाच नवे नोझल टाकले, भाभी. चारही."

"टाकले असंन. तिघं काम करून राह्यले, एक फुकटचा बसला. किती दिवसांपासून धूर मारून राह्यली गाडी?"

दिराने गाडीच्या धुराड्याकडे पाहिलं. तो धुराचं कोणाशी बोलला नव्हता. एक ड्रायव्हर हसला, मग दुसरा, आणि आपल्यावर हसतायत असं वाटून दीर तरातरा गाडीकडे गेला आणि रागाच्या भरात त्याने चावी फिरवून इंजिन बंद केलं. एकदम सामसूम झाली. त्यानंतर त्याला आठवलं. त्याने चावी पुन्हा फिरवली. टक् असा आवाज आला. पुन्हा फिरवली. पुन्हा टक्.

"आता?" चहावाला म्हणाला.

"आता काय? ढकला," खाला पायऱ्या चढत म्हणाली. "गॅरेज उघडंच हाय माह्यं."

नंतर गॅरेजमध्ये तिने आधी स्टार्टर दुरुस्त केला, गाडी सुरू केली आणि डिझेल आणणारा एकेका नोझलचा पाइप ढिला करून पाहिला. तीन पाइपांना इंजिन कुरकुरलं, चौथ्याला त्याला फरकच पडला नाही; मेलेला सिलिंडर तोच. पुढे दिराने शटरचं नाव काढलं नाही. उलट आपल्याच दुकानातून ट्रकचे चार मोठे आरसे आणून त्याने गॅरेजच्या चारी बाजूंना ठोकले, मागून येणारी गाडी तिला दिसावी म्हणून. खालाने ते वाकडे लागलेत म्हणून त्याला पुन्हा ठोकायला लावले.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो विहिरीपासून गॅरेजपर्यंतचा रस्ता. आम्ही सगळे पिकअप ढकलतोय, दीर बाहेरून एका हाताने स्टिअरिंग धरून खांदा लावतोय, आणि सगळ्यांच्या पुढे खाला चाललीय. कपड्यांतून पाणी गळतंय, कमरेला शिशाचा पट्टा, खांद्यांवर ट्यूबची ती बावळट पिशवी तशीच, आणि एक हात वर करून ती समोरून येणारी वाहनं थांबवतेय. मागून एक कंटेनर आला. वाट मिळेना म्हणून त्याने कर्कश हॉर्न दिला, मग आणखी एक दिला. खाला तशीच चालत राहिली. तिला तो ऐकू आला नव्हता.

दिराने स्टिअरिंग सोडलं, मागे वळला, आणि घाम पुसत त्या ड्रायव्हरवर असा ओरडला की आम्ही ढकलायचे थांबलो.

"हॉर्न बंद कर बे! दिसत नाही का, समोर खालाचं गॅरेज हाय!"

कंटेनर गप्प झाला आणि आमच्या मागून हळूहळू येऊ लागला. खालाला यातलंही काही ऐकू आलं नाही. ती पुढे गेली, गॅरेजपाशी पोचली, आणि ओल्या हातांनी पेचकस शोधू लागली.